धांदलीची वही

कुसुमताई, तुम्ही गेलात म्हणून वाचनालय एक दिवस बंद ठेवायचं मी ठरवलं. तुमच्या पश्चात माझ्या हातून झालेली ही पहिली चूक, आणि ती मला सकाळी दहाच्या आत सांगण्यात आली. सांगायला खोताच्या वाडीतून रोझीबाय आली होती. हातात काठी, डोक्याला काळा रुमाल, डोळे रडून सुजलेले. दारावरची 'आज बंद' ही पाटी तिनं दोनदा वाचली.

"ही कोणी लावली? तू लावली?"

मी म्हटलं, दुखवटा आहे.

"दुखवटा? बाहेर गोळ्या चालल्या होत्या तेव्हा कुसुमनं हे दार उघडं ठेवलं. आता ती गेली तर तू टाळं लावतो? काढ ती पाटी."

मी पाटी काढली. दिवसभर तुमच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. मी काउंटरशी उभा राहूनच पुस्तकं दिली-घेतली. दुपारी शिक्क्याची शाई वाळली म्हणून दुसरी गादी शोधायला तुमचा खण उघडला, आणि वरच तुमची धांदलीची वही होती. ती तिथं आहे हे मला चार वर्षं ठाऊक होतं. खणाला कुलूप नव्हतं. मी ती कधी वाचली नव्हती, एवढंच.

काल ती वाचली. तिच्यातल्या एका पानाबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. पण तिथवर एकदम जाता येणार नाही. मला थोडा धीर गोळा करावा लागेल, तेव्हा नेहमीसारखा घोळ घालत बोलतो आणि तुम्ही नेहमीसारखं ऐकून घ्या.

आपलं पटत नाही हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही ग्रंथपाल, मी मंडळाचा चिटणीस. दिवसभर फोर्टातल्या कचेरीत कारकुनी करायची आणि संध्याकाळी येऊन तुम्ही दिवसभरात कोणकोणते नियम मोडले ते पाहायचं, असा माझा परिपाठ. एका वेळी एकच पुस्तक द्यायचं हा नियम. तुम्ही बाळंतिणीला तीन द्यायचा. 'ती आता चाळीस दिवस उठणार नाही, तिनं काय छताकडे बघायचं?' यावर मी नियम पुन्हा वाचून दाखवायचो. तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाहीत. 'अहो चिटणीस' म्हणायचा. रागावलात की 'अहो' लांबायचा, खूश असलात की 'चिटणीस' लांबायचा. काल संध्याकाळी कुणीतरी रस्त्यात 'अहो' म्हणून कुणाला तरी हाक मारली आणि मी दचकून वळलो.

मग ते दिवस आले. मुंबई आपल्याला मिळणार नाही अशी बातमी आली आणि गिरगावात चूल पेटेनाशी झाली. सकाळी प्रभातफेरी, दुपारी मोर्चा, मग अश्रुधूर, मग संचारबंदी. त्या बाबतीत आपलं दोघांचं एकमत होतं. तुमचा घोषणेचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता हे मी आता कबूल करतो. पण एके दिवशी वाचनालयाच्या खिडकीची काच फुटली, आणि पाठोपाठ एक पेटता बोळा पायरीवर येऊन पडला. कोणी कोणावर फेकला होता देव जाणे. तुम्ही पिण्याच्या पाण्याचा माठ उचललात आणि अख्खा त्यावर उपडा केलात. मग पदरानं हात पुसत मला म्हणालात, "आज माठ भरलेला होता. रोज असेल असं नाही."

त्याच संध्याकाळी मंडळाची बैठक झाली. माझं म्हणणं साधं होतं. वाचनालय बंद करावं, पुस्तकं एखाद्या व्यापाऱ्याच्या गोदामात हलवावीत, भक्कम कुलूप लावावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही म्हणालात, "वाटून टाकू."

"काय वाटून टाकू?"

"पुस्तकं. वाडीत. घरोघरी."

"अहो कुसुमताई, ही काय संक्रांतीची वाणं आहेत?"

"तसंच समजा. एका जागी ठेवली तर एका काडीनं जातील. साठ घरांत ठेवली तर जाळणाऱ्याला साठ जिने चढावे लागतील. तेवढी चिकाटी असती तर तो जाळपोळ करत हिंडला नसता."

"परत येणार नाहीत ती."

"पुस्तक कोणाच्या घरी आहे हे ठाऊक असलं की ते हरवलेलं नसतं, चिटणीस."

हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नंतर इतक्या वेळा ऐकलं की तुम्ही 'पुस्तक' म्हटलंत की मीच पुढचं पुरं करायचो, तुमची नक्कल करून. मंडळातले सगळे हसायचे. तुम्हीही हसायचा.

तेव्हा तुम्ही ही वही काढलीत. पुठ्ठ्यावर तुमच्या सुबक अक्षरात 'धांदलीची वही'. मी म्हटलं, हे काय नाव झालं? काहीतरी भारदस्त द्या. तुम्ही म्हणालात, "धांदल उडाली की माणसाला भारदस्त शब्द आठवत नाहीत." मी नाक मुरडलं आणि वही मिटली. काल ती पहिल्या पानापासून वाचली तेव्हा कळलं, सबंध वाडी तुम्ही तिच्यात उतरवून ठेवली होती. कोणाच्या घरी माळा कोरडा आहे. कोणाची सासू घरातून हलत नाही, म्हणजे दाराला कुलूप कधी नसतं. कोणाचा स्टोव्ह भडकतो, तिथं पुस्तकं द्यायची नाहीत, पण त्यांना वाईट वाटू नये म्हणून नकाशे आणि पृथ्वीचा गोल द्यायचा. कोण मे महिन्यात गावी जातं आणि त्या वेळी त्यांचं कपाट कोणी सांभाळायचं. पुस्तकांच्या दाखल नोंदवहीच्या तीन नकला, सगळ्या तुमच्या हातच्या. एक तुमच्या ट्रंकेत, एक रोझीबायकडे, एक लालबागला गोविंदरावांकडे. समासात कारण लिहिलं आहे, 'गिरगाव आणि लालबाग एकाच दिवशी बुडणार नाही.'

गोविंदराव म्हणजे आपले बाइंडर. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करून उरलेल्या वेळात पुस्तकं बांधणारा मालवणी माणूस. त्यांनी हिंदमात्याच्या कापडदुकानांतून ठाणाच्या टोकाचे तुकडे मागून आणले, आणि तुम्ही दोघांनी त्यांत गठ्ठे बांधले. दोन दिवसांत वाचनालयाच्या लाकडी फळ्या रिकाम्या झाल्या. वर्तमानपत्रं तेवढी टेबलावर राहिली आणि दार उघडं. लोक येऊन पेपर वाचायचे आणि रिकाम्या फळ्यांकडे बघून एकमेकांना विचारायचे, 'तुमच्याकडे कोणतं कपाट आलं?' मला वाचनालय लुटल्यासारखं दिसायचं.

एका गोष्टीवर मात्र मी हटलो नाही. ते लोखंडी कपाट. जुन्या मासिकांचे बांधीव अंक, आपल्या वाडीच्या गणपतीतल्या मेळ्यांच्या पदांची हस्तलिखितं, आणि तुम्ही स्वतः दिलेली तुमच्या आईच्या हातची जात्यावरच्या ओव्यांची वही. ही कधीही बाहेर न द्यायची म्हणून नियमात लिहिलेली पुस्तकं. तुम्ही म्हणालात, हीच आधी हलवायला हवीत. मी म्हटलं, लोखंडाला काय होतंय? त्याची एकुलती एक चावी माझ्याकडे असायची. दोन दिवसांनी तुम्ही ती मागितलीत तेव्हा मी सरळ 'देत नाही' म्हणायला हवं होतं. पण चारचौघांत वाद नको म्हणून मी म्हटलं, "ती दादरला बहिणीकडे राहिली आहे. सदऱ्याच्या खिशात." बहीण हिंदमात्याजवळ राहते. संचारबंदी चालू. कोण जाणार आणायला? मला वाटलं, छान सुटलो.

आणि मग आग नाही, दगड नाही, पोलीस नाहीत. नळ.

वाचनालयाच्या बरोबर वर सामंतांचं बिऱ्हाड. बिचारे घाबरून बायकामुलांना घेऊन भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं गावी निघाले. निघताना नळाला पाणी नव्हतं, म्हणून मोरीतला नळ उघडा राहिला. गिरगावात राहणाऱ्या कोणाच्याही हातून होईल अशी चूक. मोरीच्या तोंडाशी पोतेरं पडलेलं. पहाटे पाणी आलं, मोरी भरली, उंबरा ओलांडला, आणि लाकडी तक्तपोशीतून खाली उतरलं. तुम्ही आठ वाजता दार उघडलंत तेव्हा भिंतीवरून धार लागली होती. रिकाम्या फळ्या धुऊन निघत होत्या. आणि मोरीच्या थेट खाली लोखंडी कपाट उभं होतं.

वर जाऊन कुलूप फोडून नळ बंद करण्यात आला. पण तक्तपोशीत मुरलेलं पाणी उतरतच राहिलं. मला निरोप आला तसा मी आतल्या गल्ल्यांतून पळत आलो. तुम्ही कपाटावर मेणकापड टाकून ते दोन्ही हातांनी धरून उभ्या होतात. कपाटाच्या पाठीला हवेसाठी भोकं होती, आणि पाणी तिथूनच आत चाललं होतं. चौघांनी जोर लावूनही ते जागचं हलेना. वाडीतल्या बायका वरवंटे घेऊन आल्या होत्या, कुणाच्या तरी हातात पहार होती, पण लोखंड कसलं दाद देतंय.

"चिटणीस, चावी!"

कुसुमताई, मी खिशात हात घातला. चावी हाताला लागली. तिचे दाते मला बोटांना जाणवले. भोवती सगळी वाडी उभी होती, आणि त्या सगळ्यांनी दोन दिवसांपूर्वी ऐकलं होतं की चावी दादरला आहे. मी हात तसाच रिकामा बाहेर काढला आणि म्हटलं, "दादरला."

हे मी कधीच कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

तुम्ही वळलात. मेणकापड पुन्हा नीट केलंत. दुपारी तीनला संचारबंदी शिथिल झाली तसा मी चावी आणायला म्हणून निघालो आणि चौपाटीवर जाऊन बसलो. लोक दूध-भाजीसाठी पळत होते. मी समुद्राकडे तोंड करून बसलो आणि दादरला जाऊन यायला किती वेळ लागेल याचा हिशेब करत राहिलो. लवकर उठलो असतो तर खोटं उघडं पडलं असतं. म्हणून उठलो नाही. खिशात चावी होती आणि तिकडे कपाटात पाणी चढत होतं, आणि मी वाळूवर रेघा ओढत बसलो होतो. माणूस इतका क्षुद्र असू शकतो हे मी पुस्तकात वाचलं असतं तर लेखकानं अतिशयोक्ती केली असं म्हटलं असतं.

पाच वाजता मी धापा टाकत परत आलो. धापा खऱ्या होत्या, शेवटचा तुकडा पळत आलो होतो. म्हटलं, "गाडी उशिरा आली." लालबागहून गोविंदराव येऊन पोहोचले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. तुम्ही म्हणालात, "बसा. आधी पाणी घ्या." मी पाणी प्यायलो. मग कपाट उघडलं.

वरचे दोन कप्पे ओलसर होते. खालच्यात पाणी साचलं होतं. मेळ्याच्या पदांची शाई विरघळून सगळी पानं एकच निळी झाली होती. तुमच्या आईची वही तुम्ही स्वतः बाहेर काढलीत. पानं उलटायचा प्रयत्न केला नाहीत. तशीच टीपकागदावर ठेवलीत, वर दुसरा टीपकागद, आणि हळूच म्हणालात, "यातल्या थोड्या मला पाठ आहेत."

त्यानंतर तुम्हाला रडताना मी पाहिलं नाही, कारण तुम्हाला वेळच नव्हता. बायकांनी उत्साहानं मासिकांचे अंक उचलून गच्चीवर नेले होते आणि उरलेल्या उन्हात मांडायला घेतले होते. वाळवण घालायची सवय हाताला. गोविंदराव जिन्यावरून ओरडतच वर गेले, "बाईंनू, ही पुस्तकां असत, पापड नाय! उन्हात घातलात तर पानां वाकडी जातली. सावलेत घेया, सावलेत!" मग खोताच्या वाडीतला रोझीबायचा लाकडी व्हरांडा कामाला आला. तिथं वारा खेळतो आणि ऊन येत नाही. दोऱ्या बांधल्या, पातळ अंक त्यांवर उघडून टांगले. जाड अंक उभे करून पंख्यासारखे पसरले. दर चार पानांत कोरा कागद, तो ओला झाला की बदलायचा. रोझीबायनं आपल्या घरातल्या पाहुण्यांना दुसरीकडे पाठवलं आणि सांगितलं, "माझ्याकडे पाहुणे आलेत. पुस्तकं." आठ दिवस ती व्हरांड्यात बसून कागद बदलत होती. तुम्ही सकाळ-संध्याकाळ जाऊन एकेक पान हाताच्या पालथ्या बाजूनं तपासायचा, तान्ह्याचा ताप बघावा तसं.

आणि मी काय करत होतो? मी इतिवृत्त लिहीत होतो.

सामंत परत आले तेव्हा मी बैठक लावली. ठरावाचा मसुदा तयार ठेवला होता. 'श्री. सामंत यांच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे' अशी सुरुवात. सामंत कोपऱ्यात हात जोडून उभे होते. तुम्ही मसुदा वाचलात आणि माझ्याकडे परत सरकवलात.

"नाव काढा."

"का? चूक त्यांची आहे."

"नळ उघडा राहिला, एवढं लिहा. आणि गावी जाताना शेजारच्याकडे चावी ठेवायची, एवढं लिहा. चूक कोणाची ते लिहून ठेवलं तर पुढच्या वेळी माणूस घाबरून सांगायलाच येणार नाही. मग आपल्याला पाणी छतातून कळेल."

मी वाद घातला. अर्धा तास घातला. न्याय, जबाबदारी, सार्वजनिक मालमत्ता, काय काय बोललो. खिशात ती चावी असताना मी हे सगळं बोललो. तुम्ही माझं बोलणं पूर्ण होऊ दिलंत आणि म्हणालात, "अहो चिटणीस, एखाद्या दिवशी तुमच्याही हातून होईल." मला वाटलं, तुम्ही सहज बोललात.

पुस्तकं परत आली. तुम्ही म्हणाला होतात तशी. बहुतेक सगळी, आणि काही तर नवी कव्हरं घालून. एक कुटुंब मध्येच बिऱ्हाड हलवून परळला गेलं होतं, गठ्ठ्यासकट. मी 'बघा' म्हणून टाळी द्यायला आलो तर तुम्ही चपला घालत होतात. परळला गेलात, पण गठ्ठा मागितला नाहीत. त्यांच्या सुनेसाठी आणखी एक पुस्तक घेऊन गेलात आणि म्हणालात, हे वाचून झालं की सगळी एकदम आणा. पुढच्या रविवारी ती सून गठ्ठा घेऊन दारात हजर. तुम्ही माझ्याकडे बघून एक भुवई वर केलीत. ती भुवई मी अजून विसरलेलो नाही.

ओव्यांच्या वहीचं मात्र काही करता आलं नाही. पानं सुटली, पण कोरी. मग तुम्ही नवी वही घेऊन पाठ होत्या तेवढ्या लिहिल्यात, आणि आठवत नव्हतं तिथं जागा सोडलीत. दुपारी पुस्तक बदलायला येणाऱ्या बायकांना ती वही दाखवायचा. कोणी म्हणायची, आमच्याकडे ही ओळ अशी आहे. तुम्ही ती वेगळ्या शाईनं भरायचा. आता ती वही तुमच्या आईची कमी आणि वाडीची जास्त आहे. एकदा धीर करून मी विचारलं होतं, "वाईट वाटतं का?" तुम्ही म्हणालात, "वाटतं. आईचं अक्षर गेलं." बस, एवढंच. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं.

आपला शेवटचा वाद मात्र अर्धाच राहिला. त्या लोखंडी कपाटाला दुसरी चावी करून घ्या, असं तुम्ही दर बैठकीत म्हणायचा, आणि मी दर बैठकीत म्हणायचो, चावीवाला भेटला नाही. गिरगावात चावीवाला भेटत नाही! कोपऱ्याकोपऱ्यावर बसलेत. खरं कारण हे, की चावीचा विषय निघाला की माझी बोटं आपोआप खिशाकडे जायची. तुम्ही हट्ट धरला नाहीत, पण सोडलाही नाहीत. मागच्या महिन्यात दम्यानं तुम्ही अंथरूण धरलंत आणि मी भेटायला आलो. उशाला दोन पुस्तकं, एक तुमच्यासाठी, एक बघायला येणाऱ्यांसाठी. वर्तमानपत्रात राज्याच्या बातम्या येत होत्या. मी म्हटलं, "आता मुंबई मिळतेच आहे. पेढे वाटायला उठून बसा." तुम्ही धाप आवरत म्हणालात, "मिळू द्या. मिळाली तरी नळ बंद करूनच बाहेर पडायचं, एवढं सांगा सगळ्यांना." आपण दोघं हसलो. त्या हसण्यात सांगून टाकता आलं असतं. मी चावी सोबत घेऊन आलो होतो, सांगायचं ठरवूनच. तुमच्या भाचीनं चहा आणला, मी तो प्यायलो आणि निघालो. दारापर्यंत आलो तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, "अहो चिटणीस, दुसरी चावी." मी म्हटलं, उद्याच.

तो उद्या झाला नाही. पुढच्या आठवड्यात निरोपच आला.

तर आता ते पान. नळाच्या दिवसाचं. वर तुम्ही काय काय भिजलं ते लिहिलं आहे, मग कोणी काय केलं ते. त्यानंतर या तीन ओळी आहेत. मी त्या जशाच्या तशा उतरवतो.

'आज गाड्या, ट्रामा सगळं बंद. गोविंदराव लालबागहून चालत आले, चार वाजता.

कपाटाची चावी पाच वाजता मिळाली.

पुढच्या वेळी दोन चाव्या.'

गाड्या बंद होत्या, कुसुमताई. मी समुद्राकडे तोंड करून बसलो होतो, मला कळलंच नाही. दोन तासांत दादरला चालत जाऊन परत येणं कोणाला शक्य नव्हतं, आणि गाडी उशिरा आली असं मी तुमच्यासमोर छातीठोकपणे सांगितलं. गोविंदरावांची मान का खाली गेली ते मला काल कळलं. तुम्हाला त्या क्षणापासून ठाऊक होतं. तुमच्या आईचं अक्षर हातात विरघळत असताना ठाऊक होतं, आणि तुम्ही म्हणालात, 'बसा, आधी पाणी घ्या.' सामंतांचं नाव मी ठरावात घालत होतो तेव्हाही ठाऊक होतं. आणि चार वर्षं तुम्ही मला फक्त दुसरी चावी करायला सांगत राहिलात. त्या पानावर माझं नाव कुठंही नाही. मी दोनदा शोधलं.

मला खूप लाज वाटली. आणि खोटं कशाला बोलू, लाजेच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं. कारण इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्ही मला चांगला माणूस समजता, ते चावीचं तुम्हाला माहीत नाही म्हणून. तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही 'चिटणीस' लांबवून हाक मारायचा.

आज सकाळी कचेरीत जाण्याआधी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे गेलो. त्यानं कानस घासून चहा निवायच्या आत चावी करून दिली. चार वर्षं लागलेलं काम. एक चावी काउंटरच्या खिळ्याला लावली, सगळ्यांना दिसेल अशी. दुसरी रोझीबायला नेऊन दिली. तिनं ती गळ्यातल्या क्रॉसच्या साखळीत ओवली.

संध्याकाळी तुमची शोकसभा झाली. लोक पायऱ्यांवर, बाहेर गल्लीत उभे होते. भाषणं झाली, तुम्हाला आवडली नसती. मग मंडळातर्फे सूचना आली, तुमची धांदलीची वही लोखंडी कपाटात जपून ठेवावी, बाहेर द्यायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठलो. कुसुमताई, मी नियम पाळणारा माणूस, पण म्हटलं, ती कपाटात जाणार नाही. तिला दाखल क्रमांक घालतो. ती देवघेवीची आहे.

त्याआधी मी एक केलं. तुमच्या तिसऱ्या ओळीखाली माझ्या अक्षरात लिहिलं, 'चावी सबंध दिवस चिटणिसांच्या खिशात होती,' आणि सही केली. दुसऱ्याचं नाव लिहायचं नाही हा तुमचा नियम. स्वतःचं लिहायला तुम्ही कुठं मनाई केली होती? मग मी ते पान सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. गोविंदराव मागे उभे होते, ते तेवढं म्हणाले, "ऱ्हवांदे, चिटणीस. बायेक म्हायती होतां."

सभा उठल्यावर काउंटरशी सामंत आले. चार वर्षांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, मान वळवून जिना चढायचे. म्हणाले, "ती वही मिळेल? घरी नेऊन वाचीन म्हणतो."

मी तारखेचा शिक्का मारला. त्यांनी तिथंच उभं राहून ते पान काढलं, आपला नळ वाचला, आपलं नाव शोधलं, सापडलं नाही. मग खाली माझी सही वाचली. मग वही छातीशी धरली, मला म्हणाले, "येतो, चिटणीस," आणि वर गेले. थोड्या वेळानं मला तक्तपोशीतून त्यांची पावलं ऐकू आली, मोरीपर्यंत गेलेली, आणि नळ घट्ट पिळल्याचा आवाज.

वही पंधरा दिवसांनी परत यायची आहे. नाही आली तरी मी मागायला जाणार नाही, कुसुमताई. कोणाच्या घरी आहे ते मला ठाऊक आहे.